बाना, ढोलकी आणि छापील पान

बालाघाट मध्य प्रदेशात आहे हे शाळेच्या नकाशावरून कळते; पण त्या जिल्ह्यात कोणते वाद्य कुठे वाजते याचा नकाशा काढायला बसले, तर राज्याची रेघ कामाला येत नाही. मंडला, सिवनी आणि भंडारा यांचे भाग एकत्र करून इंग्रजांनी १८६७ साली हा जिल्हा बांधला. त्यानंतर १ नोव्हेंबर १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे, त्याचा कारभार नागपूरकडे पाहून चालला. खाली वारासिवनी, लांजी, कटंगी हा वैनगंगेच्या खोऱ्यातला धानाचा मुलूख. त्याला लागून गोंदिया, भंडारा आणि पुढची सारी झाडीपट्टी. वर बैहरकडे घाट चढला की मैकलची डोंगररांग, सालाचे जंगल, गोंड आणि बैगांची गावे. खालच्या मुलखात दिवाळी झाली की मंडईची जत्रा भरते आणि दंडारीचा खेळ उभा राहतो. वरच्या मुलखाने परधान गायकांचा बाना ऐकला. एकाच जिल्ह्यात वाजवणाऱ्यांच्या अशा दोन दुनिया नांदल्या, म्हणून एका प्रश्नाचा विचार करायला बालाघाट ही सोयीची जागा आहे. ज्याची उमेद वाजवण्या-गाण्यात गेली तो माणूस लेखणी हाती धरून कादंबरीकार कधी होतो, आणि तितकाच गुणी असलेला दुसरा का होत नाही?

या प्रश्नाचे तयार उत्तर प्रतिभा हे आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. प्रतिभा वाटताना निसर्ग जिल्हे पाहत नाही. तरीही काही मुलखांतून वादकांचे लेखक होतात, काहींतून चित्रकार होतात आणि काही ठिकाणी वादक वादकच राहतो. हा फरक माणसांच्या कुवतीचा नसून त्यांच्या शेजारी कोणते दार उघडे होते याचा आहे, असे माझे म्हणणे आहे. जुना यजमान किंवा जुना फड मोडला की कलावंताचे हात रिकामे होतात. त्या हातांत पुढे काय येते, हे त्या घडीला आसपास छापखाना होता, चित्रशाळा होती की तिकीट काढून बसणारा प्रेक्षक होता, यावर बरेचसे ठरते.

मराठीतला यासाठीचा सर्वांत ठळक दाखला अण्णा भाऊ साठे यांचा. सातारा जिल्ह्यातल्या, आता सांगलीत असलेल्या वाटेगावी १ ऑगस्ट १९२० रोजी ते जन्मले. त्यांच्या मांग समाजाच्या वाट्याला बलुत्यात जी कामे आली होती त्यांत दोर वळणे होते, तसे लग्नात, जत्रेत हलगी आणि सनई वाजवणेही होते. गावाचा एकही शुभ प्रसंग ज्यांच्या वाद्याशिवाय पुरा होत नव्हता, त्यांना त्याच गावाच्या वेशीबाहेर राहावे लागत होते. अण्णा भाऊंच्या वाट्याला शाळा जवळजवळ आलीच नाही. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला हे कुटुंब पायी चालत मुंबईला आले. पुढे नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात अण्णा भाऊ वाद्ये हाताळू लागले, गाऊ लागले, सोंगे करू लागले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. ढोलकी, डफ, तुणतुणे आणि टिपेला जाणारे गळे एवढ्या भांडवलावर गिरणगावातली मैदाने भरवणारे हे पथक, म्हणजे आजच्या बोलीत ज्याला बँड म्हणावे तेच. त्या बँडमधल्या माणसाने पुढे तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. त्यातली ‘फकिरा’ १९५९ साली आली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

फडातून कादंबरीत जाताना या माणसाने काय बरोबर नेले, हे पाहायचे तर तमाशाची बांधणी पाहावी लागते. आधी गण, मग गौळण, मग बतावणी आणि शेवटी रात्र चढल्यावर वग. गण देवाला नमन करतो, गौळण प्रेक्षकाला खुलवते, बतावणी त्याला हसवते, आणि वग त्याला एक गोष्ट सांगून पहाटेपर्यंत बसवून ठेवतो. अण्णा भाऊंनी या बांधणीत हात घातला. गणातल्या गणपतीच्या जागी मातृभूमीला आणि तिच्यासाठी मेलेल्यांना नमन आले, गौळण गळाली आणि सारा भार वगावर आला. हा बदल विचाराचा होता, तसाच तंत्राचाही. रंजनाचे टप्पे कमी करून गोष्टीलाच मुख्य मानायचे, तर ती गोष्ट एकटीच्या बळावर तग धरणारी हवी. तिला पात्रे हवीत, पेच हवा, बदलती स्थळे हवीत. वगाकडून अशी अपेक्षा धरणारा माणूस, त्याच्या ध्यानीमनी नसतानाही, कादंबरीच्या उंबऱ्यापर्यंत पोचलेला असतो. ‘फकिरा’ची सुरुवात याच नजरेने वाचून पाहावी. शेजारच्या शिगावच्या जत्रेचा मान असलेली जोगणी आपल्या गावी आणण्यासाठी राणोजी जत्रेत शिरतो आणि परतीच्या वाटेवर मारला जातो. प्रास्ताविक नाही, वंशावळ नाही. थेट गर्दी, ईर्ष्या, घोड्याची दौड आणि रक्त. मैदानातल्या शेवटच्या रांगेतल्या माणसाचे लक्ष पहिल्या काही मिनिटांत पकडावे लागते, हे ज्याला अनुभवाने ठाऊक आहे त्याचेच हे लिहिणे आहे.

यावर जाणकार समीक्षकांचा जुना आक्षेप असा, की हेच तर या कादंबऱ्यांचे वैगुण्य. नायक फार उंच, खलनायक फार काळे, संवाद टाळीच्या अपेक्षेने लिहिलेले. आक्षेपातला तपशील खरा आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा आहे. कंदिलाच्या किंवा पेट्रोमॅक्सच्या उजेडात दुरून ओळखू येणारी माणसे उभी करणे ही वगाची गरज होती, आणि लेखकाने ती कसबाने कागदावर आणली. तिथून बाहेर पडणे त्यांना जमत नव्हते असे मात्र नाही. ‘स्मशानातील सोनं’ ही त्यांची कथा घ्या. खाण बंद पडल्याने बेकार झालेला भीमा मुंबईच्या उपनगरात रात्री मढी उकरून त्यांच्या अंगावरचे सोने काढतो. अंधार, एकटा माणूस, कोल्ह्यांशी झुंज. शेवटी मढ्याच्या दातांत त्याची बोटे अडकतात आणि ती कापावी लागतात; आणि त्याच दिवशी त्याच्या कानी येते, की खाण पुन्हा सुरू होत आहे. इथे टाळी नाही, ढोलकीची साथ नाही, बोधवाक्यही नाही. काम परत येते तेव्हा कामाचे हात गेलेले असतात. ज्याने आयुष्यभर हातांवर पोट चालवले, मग ते गिरणीत असो की वाद्यावर, त्यालाच हातांची ही किंमत अशी मोजता येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अण्णा भाऊंना फडाने नव्हे, कम्युनिस्ट चळवळीने लेखक केले, असे म्हणता येते. अक्षरओळख कामगार वस्तीत झाली, पहिले लेखन ‘लोकयुद्ध’सारख्या पक्षाच्या पत्रांतून छापले गेले, स्टालिनग्राडचा पोवाडा तर थेट त्या काळच्या राजकारणातून आला. हे सारे मान्य केले पाहिजे, आणि मान्य केल्याने माझा मुद्दा कमजोर होत नाही. मी ज्याला उघडे दार म्हणतो ते हेच. गावातल्या हलगीवाल्याच्या दारात संपादक येत नाही. मुंबईत मात्र पक्षाचे साप्ताहिक होते, ते छापणारे यंत्र होते, ते वाचून दाखवणारी आणि ऐकणारी चाळ होती. नंतर स्वस्तातली पुस्तके काढणारे प्रकाशक आले आणि त्या पुस्तकांवर चित्रपट काढणारेही आले. ‘वैजयंता’ १९६१ साली पडद्यावर आली, ‘फकिरा’ १९६३ साली. चळवळीने दार उघडले, फडाने त्या दारातून आत नेण्याजोगा माल दिला. तिसरी गोष्ट सरकारने केली. स्वातंत्र्यानंतरच्या मुंबई सरकारने तमाशावर बंधने घातली आणि लाल बावटाचे कार्यक्रम रोखले. ‘तमाशा’ऐवजी ‘लोकनाट्य’ हा शब्द रूढ होण्यामागे या बंधनांचा मोठा हात आहे. ‘चित्रा’ ही अण्णा भाऊंची कादंबरी ‘फकिरा’च्या कितीतरी आधीची, त्यामुळे बंदी आली म्हणून ते कादंबरीकडे वळले असे सरळ समीकरण मांडता येणार नाही. पण कादंबऱ्यांचा खरा ओघ कलापथक पांगल्यानंतरचा आहे, आणि तो १८ जुलै १९६९ रोजी त्यांचा मृत्यू होईपर्यंत आटला नाही. मैदान मिळेना तेव्हा पानाचेच मैदान झाले.

मग त्याच पथकातले अमर शेख कादंबरीकार का झाले नाहीत? दार तर तेच होते. हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. अमर शेखांनी कविता लिहिल्या, त्यांचे संग्रह निघाले. पण त्यांची ताकद पहाडी आवाजात होती आणि आवाजाला मैदान लागते. अण्णा भाऊंची ताकद वग रचण्यात होती, आणि वगाला मैदान नसले तरी पान चालते. दार समान असले तरी ओझे वेगळे असते. कुणाच्या डोक्यावर काय आहे यावर तो कुठल्या दारातून सहज जाईल हे ठरते. एवढ्यापुरती जागा प्रतिभेला द्यायलाच हवी. आणखी एक गोष्ट लक्षात येण्यासारखी आहे. रशियाच्या प्रवासाचे वर्णन सोडले तर अण्णा भाऊंनी स्वतःविषयी पुस्तक लिहिले नाही. त्यांच्यानंतरच्या पिढीतल्या दलित लेखकांनी आत्मकथनाची वाट धरली. १९७८च्या ‘बलुतं’पासून ती हमरस्ता झाली. फडातला माणूस मात्र रोज रात्री दुसऱ्या कुणाचा तरी वेष चढवून उभा राहिलेला असतो. आपले दुःख त्याला दुसऱ्याच्या तोंडून सांगायची सवय असते. कादंबरी त्याला परकी वाटत नाही, ती याच कारणाने.

हे केवळ महाराष्ट्राचे वैशिष्ट्य असते तर मुद्दा तोकडा पडला असता. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत वाढलेला राल्फ एलिसन हा कृष्णवर्णीय तरुण शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत असे आणि १९३३ साली संगीत शिकायलाच टस्कीगीच्या संस्थेत गेला. १९३६ साली तो न्यू यॉर्कला आला. तिथे रिचर्ड राइट या लेखकाची गाठ पडली, राइटने त्याला एका डाव्या विचाराच्या नियतकालिकासाठी लिहायला सांगितले, आणि ट्रम्पेट मागे पडला. १९५२ साली त्याची पहिली कादंबरी ‘इन्व्हिजिबल मॅन’ आली, पुढच्याच वर्षी तिला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. तिच्या सुरुवातीलाच तळघरातला निनावी नायक लुई आर्मस्ट्राँगच्या ध्वनिमुद्रिका ऐकत बसलेला आहे. एलिसन आणि साठे एकमेकांपासून फार दूरचे. एक शिकलेला, दुसरा शाळेविना. एकाने हयातीत एकच कादंबरी छापली, दुसऱ्याने ओळ लावली. तरी वळणाची जागा एकच दिसते. मोठे शहर, तिथली डावी चळवळ, तिचे नियतकालिक, आणि ‘तू लिही’ असे म्हणणारे कुणीतरी.

आता पुन्हा बालाघाटाकडे येऊ, आणि आधी घाट चढू. बाना म्हणजे लाकूड कोरून, त्यावर चामडे ताणून, घोड्याच्या केसांच्या तीन तारा लावलेले, कमानीने वाजवायचे वाद्य. परधानांच्या लेखी ती करमणुकीची वस्तू नव्हती. साजाच्या झाडात वसणारा बडादेव बान्याच्या स्वराने जागा होतो, असा त्यांचा भाव. दर तीन वर्षांनी परधान आपल्या गोंड यजमानाच्या घरी जाई, त्याच्या कुळाची गाथा गाई आणि दान घेऊन परते. या लोकांवरचा सविस्तर ग्रंथ लिहिला तो एका मराठी माणसाने. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात व्हेरिअर एल्विन या इंग्रज अभ्यासकाशी जोडले गेलेले शामराव हिवाळे त्याच्याबरोबर १९३२ साली मैकलच्या परिसरात आले आणि आयुष्यभर तिथेच राहिले. परधानांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४६ साली निघाले. गोंडांच्या जमिनी आणि सुबत्ता ओसरली, तसा यजमानाचा हातही आखडला, आणि परधानाचे वाद्य खुंटीला लागण्याचे दिवस आले. वाटेगावच्या हलगीवाल्यापेक्षा इथे गोष्टींचा साठा कमी होता का? उलट जास्तच होता. राजांच्या, देवांच्या, कुळांच्या रात्र-रात्र चालणाऱ्या गाथा होत्या. कादंबरीला लागणारा ऐवज घरात होता, छापखान्याचे दार मात्र कोसोगणती दूर होते.

उघडले ते दुसरेच दार. १९८१ साली चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी भोपाळच्या नियोजित भारत भवन या कलाकेंद्रासाठी माणसे खेडोपाडी धाडली. हिवाळे-एल्विन यांचा मुक्काम जिथे होता त्याच पाटनगढात त्यांना जनगढ सिंह श्याम हा परधान तरुण भिंतीवर चित्रे काढताना आढळला. त्याला भोपाळला आणले गेले, रंग आणि कागद दिले गेले. ज्या देवांना आजवर केवळ स्वर होता त्यांना त्याने रूप दिले, आणि १९८९ साली त्याची चित्रे पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रात लागली. त्याच्या मागोमाग गावातली कितीतरी घरे कुंचल्याकडे वळली. बान्याची गाथा कागदावर उतरली खरी, पण अक्षरांत नाही, ठिपक्यांत आणि रेघांत. भोपाळला भारत भवनाऐवजी एखादे साप्ताहिक आणि त्याचा हट्टी संपादक खेडोपाडी गेला असता, तर काय झाले असते? इतिहासात असे प्रश्न विचारून सिद्ध काही होत नाही. मात्र जे घडले ते अपरिहार्य नव्हते एवढे कळते.

घाटाखालच्या मुलखाचे उत्तर आणखी वेगळे. वैनगंगेच्या खोऱ्यात मैदानच मोडले नाही. धान निघाले, हातात पैसा आला, शंकरपट आणि मंडया सुरू झाल्या की झाडीपट्टीतली नाटके आजही रात्रभर चालतात. वडशाला कंपन्यांची दुकाने आहेत, तिथे तारखा ठरतात, आणि मंडपात पेटी-तबल्याच्या जोडीला आता ऑक्टोपॅडही बसतो. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. जिथे वादकाला हंगामभर सुपारी आहे आणि गोष्ट सांगणाऱ्यासमोर तिकीट काढलेली माणसे आहेत, तिथे कादंबरीकडे वळण्याची निकड कमी. हे मागासपण म्हणून पाहू नये. कादंबरी ही वादकाची बढती आहे, असा एक अदृश्य समज शिकलेल्या मनात असतो. तो सोडला की दिसते, की अण्णा भाऊंच्या कादंबऱ्यांमागे त्यांचे कर्तृत्व जितके आहे तितकेच त्यांच्या पायाखालून काढून घेतलेले मैदानही आहे.

भाषेचा प्रश्न उरतो, आणि सीमेवरच्या जिल्ह्यात तो टाळता येत नाही. बालाघाटात कचेरीची भाषा हिंदी राहिली; घरात पोवारी, मराठी, गोंडी, लोधी बोली चालूच राहिल्या. गाणे घरच्या बोलीत होते आणि वाचणे-लिहिणे दुसऱ्या भाषेत शिकावे लागते, तेव्हा गळ्यापासून लेखणीपर्यंतची वाट लांबते. काही जण म्हणतील, अण्णा भाऊंची वारणाकाठची बोली तरी पुस्तकी मराठीत कुठे बसत होती? बसत नव्हती, हे खरे. पण ती मराठीच्या अंगणात होती. तिची चेष्टा करणारा वाचकही ती समजू शकत होता आणि पुस्तक विकत घेऊ शकत होता. लांजीच्या दंडारीतल्या सोंगाड्याला आपला वाचक नागपूरला शोधावा की जबलपूरला, हेच आधी ठरवावे लागते. बोलीत रस घेणारा प्रकाशक हे इथल्या वादकासाठी न उघडलेले दार आहे, आणि ते उघडणे अवघडही नाही.

कारण सगळ्यात उशिरा का होईना, बान्याच्या वारशातून पुस्तक निघालेच. २०११ साली आलेल्या ‘भीमायन’ची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी काढली. दोघेही बालाघाटाला लागून असलेल्या मंडल्याकडचे परधान. विषय बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र. ‘फकिरा’ही अण्णा भाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीलाच अर्पण केली होती. वाजवणाऱ्यांच्या दोन कुळांतली ही दोन पुस्तके, अर्धशतकाच्या अंतराने, एकाच माणसापाशी येतात, कारण ज्यांना वाजवायला बोलावले जाई आणि पंगतीला बसवले जात नसे त्यांचा प्रश्न दोन्हीकडे एकच होता. ‘भीमायन’मध्ये एक लहानशी युक्ती आहे. मवाळ माणसाचे बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात लिहिलेले आहे, आणि जातीचा विखार ओकणाऱ्याच्या बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. वाचणाऱ्याला शब्दाआधी सूर कळतो. छापील पानाला आवाज नसतो, ही लेखकाची नेहमीची अडचण. परधानांच्या घरातून आलेल्या या दोघांनी ती मान्यच केली नाही.